हशा नसलेल्या खोलीत

इंदूरमधल्या मराठी घरात वाढणाऱ्या मुलाच्या कानावर विनोद दोन वाटांनी येतो. एक वाट मराठी नाटकाची. महाराष्ट्र साहित्य सभेसारख्या जुन्या संस्थांचे कार्यक्रम, वसाहतीतल्या गणेशोत्सवातल्या एकांकिका, नाट्यभारतीसारख्या हौशी मंडळींचे प्रयोग आणि सानंद न्यासाच्या सभासदांसाठी मुंबई-पुण्याहून येणारी व्यावसायिक नाटके, हे सगळे या वाटेवरचे. दुसरी वाट हिंदी कविसंमेलनाची. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघून गेली की शहराच्या अंगावरचा रंग दोन दिवस उतरत नाही, आणि त्याच सुमारास हास्यकवींच्या बैठका भरतात. आमचे बाबा नाटकाला इस्त्रीचा झब्बा घालून जात आणि कविसंमेलनाला कानाला मफलर गुंडाळून, कारण संमेलन पहाटेपर्यंत चालण्याची खात्री असे.

या दुसऱ्या वाटेवरच्या एका माणसाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. उज्जैनला १९३१ मध्ये जन्मलेले आणि इंदूरच्या वर्तमानपत्रातून लिहिणारे हिंदीतले व्यंग्यकार शरद जोशी कविसंमेलनाच्या व्यासपीठावर कवींच्या रांगेत बसत आणि आपली पाळी आली की कविता न म्हणता सरळ गद्य वाचत. यमक नाही, चाल नाही, हातात कागद आणि समोर ध्वनिक्षेपक. तरीही श्रोते त्यांच्यासाठी थांबून राहत. आज ज्याला स्टँड-अप म्हणतात त्याचे मूळ लोक अमेरिकेत शोधतात. ते चूक आहे असे मी म्हणणार नाही, पण माळव्यातल्या माणसाला एकट्याने उभे राहून बोललेले गद्य ऐकायची सवय स्टँड-अप इथे येण्याच्या कितीतरी आधीपासून होती, हे मला पुढे विनोदकार म्हणून व्यासपीठावर उभे राहिल्यावर प्रत्यक्ष कळले. इंदूरचा श्रोता पाच मिनिटे मुकाट्याने ऐकून घेतो. मुंबईचा दीड मिनिटात फोन काढतो.

दूरचित्रवाणीवर २००५ मध्ये विनोदवीरांची पहिली मोठी स्पर्धा आली आणि सुनील पाल, राजू श्रीवास्तव ही नावे घराघरांत पोचली. त्यातले बहुतेक जण नकलेच्या आणि किश्शांच्या परंपरेतले होते. मी तेव्हा शाळेत होतो आणि नकला मला जमत नसत, त्यामुळे हे आपले काम नव्हे अशी माझी ठाम समजूत होती. ती समजूत ढळली ती २०१२ मध्ये, आमच्याच इंदूरचा झाकीर खान देशपातळीवरची स्टँड-अप स्पर्धा जिंकला तेव्हा. तो नकला करत नव्हता. सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री बारा वाजता भेटणारा एखादा मुलगा जसा बोलेल तसाच तो बोलत होता. आपल्या बोलण्याची ही धाटणी व्यासपीठावर चालू शकते, एवढी एकच गोष्ट मला त्यातून मिळाली आणि ती पुरेशी होती.

मी तेव्हा एका खासगी कंपनीत हिशेबाचे काम करत होतो. विजयनगरच्या बाजूला नव्याने उघडलेल्या कॅफेंमध्ये ओपन माइक, म्हणजे कोणीही नाव देऊन बोलावे असे कार्यक्रम, सुरू झाले होते. त्याची पद्धत सगळीकडे जवळपास सारखीच असते. आधी फॉर्म भरायचा, मग यादीत नाव लागते, प्रत्येकाला चार-पाच मिनिटे मिळतात. वेळ संपायला एक मिनिट उरले की मागून कोणीतरी फोनचा दिवा दाखवतो आणि त्यानंतरही जो बोलत राहतो त्याला पुढच्या वेळी यादीत शेवटचा क्रमांक मिळतो. श्रोत्यांमध्ये निम्मे तर आपली पाळी येण्याची वाट पाहणारे इतर विनोदकारच असतात. ते हसत नाहीत. ओठांतल्या ओठांत आपापली वाक्ये घोकत असतात. उरलेल्यांपैकी काही जण केवळ कॉफी प्यायला आलेले असतात आणि इथे कार्यक्रम आहे हे त्यांना दिवे मंद झाल्यावर कळते. अशा खोलीत ज्या वाक्याला हशा येतो ते वाक्य कुठेही चालते, हा या प्रकाराचा मोठा फायदा.

विनोद कसा घडतो याविषयी बाहेर बरेच गैरसमज आहेत. तो सुचतो हे खरे, पण सुचल्यानंतरचे काम सुताराचे आहे. माझ्या पहिल्या चाललेल्या विनोदाचे उदाहरण देतो. विषय पोह्यांचा होता. आमच्या घरी पोह्यांवर ओले खोबरे आणि लिंबू असते. बाहेर सगळ्या इंदुरात शेव, जिरावन मसाला आणि सोबत जिलेबी. शेव घातली की पोहे बाटतात असे आईचे मत, आणि बाबाही त्या मताला दुजोरा देत. फक्त ते सकाळी फिरून आले की त्यांच्या मिशीत शेव अडकलेली असे. हे वाक्य मी हिंदीत जसेच्या तसे बोललो आणि फोनवर ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकले. हशा आला होता, पण तो ‘मिशीत शेव’ इथे आला होता आणि त्यानंतर मी ‘अडकलेली असते’ असे म्हणत राहिल्यामुळे माझ्याच आवाजाने तो दबला होता. मराठीत काय किंवा हिंदीत काय, क्रियापद शेवटी येते. ज्या शब्दावर हसायचे तो त्याच्या आधी येऊन जातो आणि उरलेली शेपटी हशात बुडते. तेव्हा वाक्य मोडावे लागते. ‘बाबा घूम के आते हैं. मूँछ में… सेव.’ एवढे म्हणून तोंड बंद. मग हशा वर चढू द्यायचा आणि तो उतरायला लागला, पण पुरता विरलेला नाही, अशा नेमक्या क्षणी पुढचे वाक्य टाकायचे. लवकर टाकले तर ते ऐकू जात नाही, उशिरा टाकले तर खोली थंड पडते. जुने नाटकवाले याला हशा घेणे म्हणत. हे कोणी शिकवून येत नाही. पुन्हा पुन्हा उभे राहून कानाला त्याची सवय लावावी लागते, आणि ती एकदा लागली की वाक्य लिहितानाच कुठे थांबायचे हे दिसू लागते.

पुढची काही वर्षे इंदूर, भोपाळ, उज्जैन, अधूनमधून मुंबई आणि मराठीतून पुणे, अशी गेली. पुण्यात माझी गंमत होई. इंदुरात मी ‘मराठी’ म्हणून ओळखला जातो आणि पुण्यात माझे पहिले वाक्य संपायच्या आत लोक ओळखत की हा हिंदी मुलखातला. पोह्यांचा विनोद तिथे चालला नाही, कारण शेव हे बंड आहे हे आधी समजावून सांगावे लागे, आणि समजावून सांगितलेल्या विनोदावर लोक मान हलवतात, हसत नाहीत.

पैशांविषयी थोडक्यात सांगतो. ओपन माइकला पैसे मिळत नाहीत. तिकीट लावलेल्या कार्यक्रमात जागेचे भाडे आणि तिकीटविक्रीच्या संकेतस्थळाचा वाटा गेला की प्रवासखर्च निघे. खरी मिळकत कंपन्यांच्या वार्षिक मेळाव्यांतून होती, जिथे जेवणाच्या ताटांच्या आवाजात, विक्री विभागाच्या प्रमुखांना दुखावेल असे काहीही न बोलता वीस मिनिटे भरायची असतात. १ जानेवारी २०२१ रोजी इंदूरमधल्या एका कॅफेतल्या कार्यक्रमातून एका विनोदकाराला अटक झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारीत अंतरिम जामीन देईपर्यंत तो महिनाभराहून अधिक काळ तुरुंगात राहिला. त्यानंतर शहरातल्या छोट्या जागा कशा आकसत गेल्या ते मी जवळून पाहिले. काही मालकांनी कार्यक्रम बंद केले, काहींनी आधी लेखी संहिता मागायला सुरुवात केली. लेखी संहिता देणे मला अवघड नव्हते, पण व्यासपीठावर जे आयत्या वेळी सुचते ते कागदावर कसे आणणार? त्या वर्षी मी इतर कामांकडे वळून पाहू लागलो याचे हे एक कारण होते, आणि हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

पडद्याकडे जाण्याचे विनोदकाराला दोन रस्ते असतात आणि त्यांची सरमिसळ होऊ नये असे मला वाटते. पहिल्या रस्त्यावर मालिकाच त्या विनोदकाराच्या व्यासपीठावरच्या प्रतिमेभोवती रचली जाते. झाकीर खानची २०१८ मधली वेब-मालिका या प्रकारची. तिच्यातला मुलगा इंदूरचा, आमदार आपला काका आहे अशी थाप मारणारा, आणि त्याची बोली व्यासपीठावरच्या झाकीरचीच. दुसऱ्या रस्त्यावर तुम्ही दुसऱ्या कोणाच्या तरी कथेत, दुसऱ्या कोणी लिहिलेली वाक्ये घेऊन उभे राहता आणि तुमची प्रतिमा त्या पात्राच्या आड येऊ नये एवढीच तुमच्याकडून अपेक्षा असते. कपिल शर्मा २००७ मध्ये विनोदाची स्पर्धा जिंकला, २०१५ मध्ये विनोदी चित्रपटाचा नायक झाला आणि त्यानंतर नंदिता दास यांच्या चित्रपटात भुवनेश्वरमधला घरोघरी जेवण पोचवणारा कामगार झाला. पहिल्या रस्त्यावरून दुसऱ्यावर यायला त्यालाही इतकी वर्षे लागली. माझ्यासारख्याला पहिला रस्ता उपलब्धच नव्हता, कारण प्रतिमा म्हणण्याइतके मला कोणी ओळखत नव्हते. आमचे आजोबा मात्र या सगळ्याकडे शांतपणे पाहत. इंदूरचा बदरुद्दीन काझी मुंबईत बसकंडक्टरी करता करता जॉनी वॉकर झाला, मग तुला हिशेब लिहिता लिहिता काय अडचण आहे, असे त्यांचे म्हणणे.

माझी एक चित्रफीत पाहून नटांची निवड करणाऱ्या एका कास्टिंग कार्यालयातून सेल्फ-टेपची मागणी आली. सेल्फ-टेप म्हणजे घरी स्वतःच केलेली चाचणी. मोकळी भिंत, फोन आडवा, प्रकाश समोरून. आधी नाव, उंची, शहर सांगायचे, डावी-उजवी बाजू दाखवायची, मग दिलेला प्रसंग करायचा. समोरच्या पात्राची वाक्ये कोणीतरी कॅमेऱ्याच्या मागून वाचावी लागतात. त्याला क्यू देणे म्हणतात. ताई सासरी, मित्र नोकरीवर, म्हणून माझा क्यू आईने दिला. प्रसंग असा होता की एक गुंड मला पतसंस्थेच्या दारात अडवून धमकावतो. आईने चष्मा लावून ती वाक्ये आकाशवाणीच्या बातम्यांसारखी स्पष्ट वाचली, आणि संहितेत गुंड मला ‘तू’ म्हणत असताना तिने दोन ठिकाणी ‘आप’ केले. का, असे विचारल्यावर म्हणाली, “अरे, तू पतसंस्थेत नोकरीला आहेस ना त्यात? एवढ्या तेवढ्यावरून कोणी तू-तडाक करत नाही.” तीच टेप पुढे गेली. आईच्या सौजन्यामुळे माझ्या चेहऱ्यावर जो गोंधळ उमटला होता तो दिग्दर्शकाला पात्राचा वाटला, असे मला नंतर सांगण्यात आले.

त्याआधी अर्थात मुंबईचा ठरलेला क्रम मीही केला होता. संध्याकाळी अवंतिका एक्सप्रेसने निघायचे, सकाळी मुंबई सेंट्रलला उतरायचे, अंधेरीला जाऊन वर्सोव्याच्या आरामनगरातले जुने बंगले धुंडाळायचे. एकेका बंगल्यात एकेक कास्टिंग कार्यालय असते, बाहेर रांग असते आणि दारातला सहायक रांगेतल्या प्रत्येकाकडे क्षणभर पाहून ‘नॉट फिट’ म्हणतो. त्यात अपमान मानण्यासारखे काही नाही. त्याच्या कागदावर जे वय, जो बांधा लिहिलेला असतो तो तुमचा नसतो, इतकेच. मला खटकत असे ते वेगळेच. आडनाव मराठी दिसले की हवालदाराच्या भूमिकेच्या रांगेत पाठवत, आणि तिथे तोंड उघडले की म्हणत, तुमच्या मराठीला हिंदीचा हेल आहे. हिंदी भूमिकेच्या रांगेत गेलो की उत्तर प्रदेशची बोली मागत, जी मला येत नाही. माळव्याचा मराठी माणूस हिंदी पडद्यावर कोणी लिहिलेलाच नव्हता. मध्यप्रदेश शासनाने २०२० मध्ये चित्रपट पर्यटन धोरणात चित्रीकरणाला अनुदान देऊ केले आणि महू, महेश्वर, इंदूर या भागात मालिकांची पथके मोठ्या संख्येने येऊ लागली, तेव्हा कुठे इथल्या बोलीचा माणूस हवा, अशी मागणी निघाली. मला मिळालेली भूमिका त्या लाटेतली होती. नायकाचा मेहुणा, एका सहकारी पतसंस्थेत कारकून, आधी सगळ्यांची चेष्टा करणारा आणि शेवटी अपहाराच्या चौकशीत सापडणारा.

करार इंग्रजीत, बराच जाड होता. हिशेबनीस असल्यामुळे मी तो पूर्ण वाचला आणि प्रत्येकाने तसाच वाचावा असे माझे मत आहे. मानधन टप्प्याटप्प्याने, बिल दिल्यानंतर ९० दिवसांनी, १० टक्के टीडीएस कापून. शिवाय वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली तर जीएसटीची नोंदणी आपली आपण करायची. मला अडचणीचे वाटले ते दाढी-मिशांचे कलम. चित्रीकरण संपेपर्यंत केस, दाढी, वजन यांत परवानगीशिवाय बदल करायचा नाही. कारकुनाला बारीक मिशी होती आणि त्या मिशीसह मी कितीतरी महिने व्यासपीठावर उभा राहिलो. लोकांना ती विनोदाचा भाग वाटे. बाबांच्या मिशीतल्या शेवेची गोष्ट सांगताना माझ्याच मिशीकडे पाहून लोक हसत, हा फायदा कराराने फुकट दिला.

चित्रीकरणाआधी आठवडाभर कार्यशाळा झाली. त्यात संहितेची वाचने झाली, सहकलाकारांशी ओळख झाली, आणि माझ्या वाक्यांची तोडमोड थांबवण्यात आली. कागदावर सरळ वाक्य असे आणि मी सवयीने त्यातला हशाचा शब्द शेवटी नेत असे. दिग्दर्शकाने विचारले, “हा माणूस घरी बायकोशी बोलतोय. घरी कोण असे बोलतो?” उत्तर नव्हते. घरी आपण क्रियापद शेवटीच ठेवतो.

पण कार्यशाळेत लोक हसतात; खरी परीक्षा सेटवर. महूजवळच्या एका जुन्या घरात आमचा पहिला प्रसंग होता. ध्वनिमुद्रकाने पंखा बंद करवला, शेजारच्या खोलीतला फ्रिज बंद करवला, बाहेर एका मुलाला रस्त्यावरच्या गाड्या थोपवायला उभे केले. मग साउंड, कॅमेरा अशी आरोळी होऊन ॲक्शन झाले आणि मी माझे वाक्य म्हटले. ते विनोदी होते. तालमीत त्याला सगळे हसले होते. आता तीस-चाळीस माणसे श्वास रोखून उभी होती, कारण त्यांच्यातला एक जरी हसला तर ध्वनी खराब होतो आणि टेक वाया जातो. इतकी वर्षे मी शिकलो होतो की वाक्यानंतर शांतता म्हणजे वाक्य पडले. ते ज्ञान डोक्यात राहत नाही, अंगात मुरते. डोक्याला ठाऊक होते की ही शांतता शिस्तीची आहे. पण आवाज आपोआप चढू लागला, पुढचे वाक्य घाईने येऊ लागले, भुवया कामाला लागल्या. दर टेकला मी थोडा अधिक मोठा होत होतो आणि मॉनिटरमागून दिग्दर्शक दर वेळी “थोडे कमी” म्हणत होता.

माझ्यासमोर सासऱ्याच्या भूमिकेत मराठी रंगभूमीवर आयुष्य घालवलेले एक ज्येष्ठ नट होते. दिवे बदलायला वेळ लागत होता तेव्हा ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “तू बोलतोयस माझ्याशी, पण ऐकतोयस मागच्या भिंतीला. भिंत हसणार नाही. माझ्याकडे बघ, मी काहीतरी करतोय.” खरोखरच ते काहीतरी करत होते. माझ्या वाक्यावर त्यांच्या हनुवटीखालचा एक स्नायू किंचित हलत असे, सासऱ्याला जावयाच्या घरच्या माणसाचा पांचटपणा सहन करावा लागतो तेव्हा हलेल तसा. पुढच्या टेकपासून मी त्या स्नायूकडे पाहून बोलू लागलो. तो हलला की वाक्य पोचले. स्टँड-अपवाल्यांना अभिनय उपजतच जमतो असे म्हणण्याची अलीकडे पद्धत पडली आहे. मला ते मान्य नाही. एकट्याने बोलणारा माणूस खोलीचे ऐकायला शिकतो, एका माणसाचे ऐकायला शिकत नाही. हे दोन कान वेगळे आहेत आणि दुसरा मला तिशी ओलांडल्यावर नव्याने तयार करावा लागला.

हातांचीही तीच कथा. व्यासपीठावर उजवा हात ध्वनिक्षेपक धरतो आणि सगळे हावभाव डाव्याच्या वाट्याला येतात. सेटवर बारीक माइक सदऱ्याच्या आत चिकटवलेला असतो. मोकळा झालेला माझा उजवा हात छातीपाशी अर्धवट मुठीत येऊन थांबत असे, हे मला माहीतही नव्हते. वेशभूषेच्या ताईंनी दाखवले. उपाय म्हणून त्यांनी त्या हातात पतसंस्थेच्या कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा दिला. तो पुढे पात्राचाच भाग झाला आणि लेखकाने शेवटच्या चौकशीच्या प्रसंगात त्या किल्ल्यांना महत्त्वाची जागा दिली.

एकच प्रसंग आधी सगळ्यांना सामावणाऱ्या मास्टर शॉटमध्ये, मग एकेकाच्या खांद्यावरून, मग क्लोजमध्ये, असा पुन्हा पुन्हा करावा लागतो, हे बहुतेकांना आता माहीत असते. त्यातली मेख जेवणाच्या प्रसंगात कळते. आमचा कचोरीचा एक प्रसंग होता. मास्टरमध्ये तुम्ही ज्या शब्दावर तुकडा मोडाल त्याच शब्दावर तो संध्याकाळपर्यंत मोडावा लागतो. कंटिन्युइटी पाहणारी मुलगी हातात वही घेऊन बसलेली असते आणि ‘जीजाजी’ या शब्दावर घास तोंडात होता की बोटांत, हे तिने लिहून ठेवलेले असते. ज्येष्ठांनी पहिल्याच वाचनात आपली कचोरी कुस्करून बाजूला सारायचे ठरवले होते. सासरा रागावलेला आहे, तो खाणार नाही, असे कारण त्यांनी दिग्दर्शकाला दिले. मला त्यांनी नंतर हळूच खरे कारण सांगितले की तळलेले त्यांना सोसत नाही. पात्राच्या स्वभावातून आपली सोय काढणे हीसुद्धा एक विद्या आहे.

चौकशीचा प्रसंग मात्र मला अनपेक्षितपणे सोपा गेला. अधिकारी विचारतो, पैसे कुठे गेले? आणि कारकुनाला बराच वेळ काही बोलायचे नसते. व्यासपीठावर शांततेचे प्रकार ओळखावेच लागतात. कंटाळलेली शांतता वेगळी, दुखावलेली वेगळी, आता हा काय म्हणतो याची वाट पाहणारी वेगळी. तिसऱ्या प्रकारात किती काळ उभे राहता येते हे मला पक्के ठाऊक होते. कॅमेरा चेहऱ्याच्या जवळ होता, किल्ल्या टेबलावर होत्या. मी त्यांना हात लावायचा की नाही, एवढाच विचार करत थांबलो. दिग्दर्शकाने दुसरा टेक केवळ खबरदारी म्हणून घेतला. त्या पहिल्या टेकमध्ये मी एक वाक्य पदरचे घातले होते: ‘साहब, मैं तो क्लर्क हूँ. पैसे आते हुए देखता हूँ. जाते हुए मैनेजर साहब देखते हैं.’ कट झाल्यावर सगळा सेट हसला.

डबिंगच्या वेळी संकलक भेटला. अंधाऱ्या खोलीत पडद्यावरच्या माझ्या ओठांशी आवाज जुळवत मी वाक्ये पुन्हा म्हणत होतो आणि माझ्या लक्षात आले की विनोदी वाक्यांनंतर मी सोडलेले विराम जागेवर नाहीत. त्याने ते कापून सासऱ्याचा चेहरा लावला होता. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “विराम माझा असतो. तू फक्त वाक्य दे.” सुरुवातीला हे टोचले. मग पूर्ण प्रसंग पाहिला तर तो हनुवटीखालचा स्नायू माझ्या वाक्यापेक्षा अधिक मजेदार होता. चौकशीच्या प्रसंगातले माझे पदरचे वाक्य त्याने काढले होते, कारण त्यामुळे प्रसंगातला ताण सैल पडत होता, आणि त्याचे बरोबर होते.

मालिका आली त्या दिवशी काहीच घडले नाही. नाटकाचा पहिला प्रयोग असतो, चित्रपटाचा पहिला खेळ असतो. मालिका मध्यरात्री फोनवर येऊन बसते आणि लोक ती आपापल्या वेळेला, कोणी बसमध्ये, कोणी जेवताना पाहतात. कोण कुठे हसले ते मला कधीच कळणार नाही. बाबांनी पहिला भाग पाहताना मी दिसताच तो थांबवला, शेजारच्या काकांना बोलावून आणले आणि सुरुवातीपासून पुन्हा लावला. त्या संध्याकाळी त्यांचा दुसरा भाग पाहून झालाच नाही. आईने क्यूचा प्रसंग नीट पाहिला आणि गुंड फारच उद्धटपणे बोलतो असा अभिप्राय दिला.

आता कामाची वाटणी अशी झाली आहे की मालिकेच्या तारखा असतात तेव्हा व्यासपीठ बंद आणि तारखा नसतात तेव्हा पुन्हा कॅफे. तिकिटे पूर्वीपेक्षा लवकर संपतात, पण येणाऱ्यांपैकी काही जण ‘मेहुण्या’ला पाहायला आलेले असतात आणि पहिली पाच मिनिटे मिशी कुठे गेली याची चौकशी करण्यात जातात. माझ्यातही फरक पडला आहे. मी पूर्वीइतकी घाई करत नाही आणि पहिल्या रांगेतल्या एखाद्या माणसाशी खरोखर बोलत राहतो, त्यामुळे दहा मिनिटांचा मजकूर आता बारा मिनिटे घेतो आणि मागून फोनचा दिवा दिसतो.

संकलकाने काढलेले ते कारकुनाचे वाक्य मी व्यासपीठावर घेतले आहे. पुण्यात मराठीत करतो तेव्हा ‘मी पतसंस्थेत आहे’ एवढ्यावरच हशा येतो आणि पुढचे अख्खे वाक्य हातात धरून थांबावे लागते. इंदुरात तो ‘मॅनेजर साहब’वर येतो. भोपाळला अजून करून पाहिलेले नाही. तिथे सरकारी नोकर बरेच आहेत, तेव्हा हशा बहुधा ‘आते हुए’वरच येईल.